डोस झालेत ना?

मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. वाघोलीत मुक्ताबाईंच्या पाळणाघरात पावणेदोन वर्षांच्या अभिनवच्या उजव्या कानामागे लाल पुरळ दिसलं.

दिसलं ते मुक्ताबाईंनाच. पोरगं सकाळपासून किरकिरत होतं. डोळे पाणावलेले, नाक वाहतं. नाक पुसायला त्यांनी त्याचं डोकं कलतं केलं, तर केसांच्या कडेला बारीक ठिपके. त्यांनी पदराच्या टोकाने पुसून पाहिलं. गेले नाहीत. टोपडं काढलं. दुसऱ्या कानामागेही तेच, आणि कपाळावर केसांच्या मुळाशी.

घामोळं म्हणावं तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा, सकाळी अजून स्वेटर लागत होते. मुक्ताबाईंनी स्वतःची तीन पोरं वाढवली होती आणि अकरा वर्षांत या दोन खोल्यांत दुसऱ्यांची शंभरावर. लहानपणी गावात गोवर पुष्कळ पाहिला होता, पण इतक्या वर्षांत पुन्हा दृष्टीस पडला नव्हता. त्यामुळे नाव आठवायला अर्धं मिनिट गेलं.

"अहो," त्यांनी ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "जरा इकडं या. हात लावू नका, नुसतं बघा."

जयसिंगरावांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "गोवर हाय."

"मला बी तेच वाटतंय."

"तुझ्या पाळणाघरात गोवर कसा यील? तुझ्या वहीत तर समद्यांचे डोस झालेले हायत."

त्यांनी ते थट्टेत म्हटलं आणि पेपरकडे परत गेले. मुक्ताबाईंनी अभिनवला उचलून बाहेरच्या खोलीत आणलं, मधलं दार ओढून घेतलं. आत आठ मुलं होती. सगळ्यांत लहान संस्कृती, सव्वासात महिन्यांची, पाळण्यात झोपलेली.

घर त्यांच्याच जुन्या शेताच्या जागेवर उभं होतं. बिल्डरने वर सात मजले चढवले, त्यातले चार फ्लॅट यांच्या वाट्याला आले. तळमजला आणि त्याच्यापुढचा ओटा मात्र मुक्ताबाईंनी नकाशात भांडून घेतला होता. पाळणाघर इथेच. पोलिओच्या रविवारी बूथही याच ओट्यावर लागे. टेबल त्यांचं, चहा त्यांचा. थेंब पाजून झाले की डाव्या करंगळीला शाई लावायचं काम आरोग्य खात्याच्या बायका कौतुकाने त्यांनाच देत. "आमच्या पाळणाघरात एक पोर डोसाविना न्हाई," हे वाक्य त्या नव्या आईला पहिल्याच दिवशी ऐकवत.

त्यांनी अभिनवच्या बापाला फोन लावला. उत्तरेश्वर धाराशिव जिल्ह्यातला, सणसवाडीच्या एका कारखान्यात कामाला. बायको एका मेसमध्ये पोळ्या करी. मशीनच्या आवाजात तो ओरडूनच बोलला.

"काय झालं मावशी?"

"पोराच्या अंगावर पुरळ आलंय. ताप कधीपासनं हाय?"

"शनिवारपासनं. दातांचा असंल म्हणलं. काल न्‌ आज औषध पाजूनच आणलं त्याला."

"मला सांगितलं न्हाईस ते."

तो मशीनपासून बाजूला गेला. मग तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही ठेवून घेतलं नसतं. दोघांचीबी सुट्टी संपलीय."

"डोस झालेत म्हणाला होतास ना?"

"झालेत की मावशी! गावाकडनं येताना स्वारगेटला उतरलो, तिथंच स्टँडवर पाजला. बोटाला शाईबी लावली हुती."

मुक्ताबाईंनी त्याला ताबडतोब यायला सांगितलं आणि फोन ठेवला. काहीतरी ऐकलं होतं आणि ते कुठे खटकलं हे कळत नव्हतं, तसं त्यांना झालं.

साडेअकराला उत्तरेश्वर मोटरसायकलवर आला. पोराला शर्टाच्या आत घेऊन तसाच महापालिकेच्या रुग्णालयात गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं, अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला, आणि पोरगं दिवसभर कुठे असतं ते विचारलं. एकच्या सुमाराला त्या भागाच्या नर्स राजनंदिनी स्कूटीवरून मुक्ताबाईंच्या ओट्यासमोर उतरल्या.

राजनंदिनी सिस्टर तिशीच्या. त्यांना मुक्ताबाई ओळखत होत्या, आणि त्या ओळखीत थोडी अडचण होती. गेल्या वर्षभरात सिस्टर दोनदा येऊन मुलांची लसीकरणाची कार्डं मागून गेल्या होत्या. दोन्ही वेळा मुक्ताबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. "आमच्यात समद्यांचे झालेत. तुमचा येळ इथं का घालवता?" दुसऱ्या खेपेला तर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आज त्यांनी आधी पाणी दिलं.

"काकू, वही आहे ना तुमची? ती बघू."

वही म्हणजे मुक्ताबाईंचा अभिमान. सातवीपर्यंतच्या शाळेचं ठसठशीत अक्षर. पानावर पट्टीने आखलेले रकाने: मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांचे फोन, काय खात नाही, झोपताना काय लागतं. शेवटचा रकाना 'डोस'. त्या रकान्यात नऊच्या नऊ बरोबरच्या खुणा.

सिस्टरांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा डोस म्हणजे कुठला?"

"डोस म्हणजे डोस."

"म्हणजे तुम्ही पालकांना नक्की काय विचारता?"

"डोस झालेत ना, म्हणून इचारते. हो म्हणाले की खूण करते. न्हाई म्हणाले तर पोलिओच्या रविवारी माझ्यासमोर पाजते न्‌ मग खूण करते. करंगळी बघितल्याबिगर मी कुणाला सोडत न्हाई."

"आणि सुया?"

मुक्ताबाईंनी वही आपल्याकडे वळवली.

"नवव्या महिन्याची गोवराची सुई. सोळाव्या महिन्यानंतर तिचीच दुसरी. ते कधी विचारलंत?"

स्वारगेटचं ऐकताना काय खटकलं होतं ते आता मुक्ताबाईंना कळलं. उत्तरेश्वर खोटं बोलला नव्हता. त्यांनी विचारलं डोस, त्याने सांगितला डोस. बसस्टँडवर दोन थेंब पाजले, शाई लागली, आणि त्या शाईवर एक पोरगं गेले सहा महिने इथे इतर आठ जणांत खेळलं. तो आठ महिन्यांचा असताना त्याचे आईबाप गाव सोडून इकडे आले होते. नवव्या महिन्याची तारीख लिहिलेलं कार्ड गावाकडे आजीच्या पत्र्याच्या पेटीत राहिलं होतं.

आतून जयसिंगरावांनी विचारलं, "काय म्हणत्यात सिस्टर?"

"तुमचं खरं हाय म्हणत्यात," मुक्ताबाई म्हणाल्या. "वहीत समदं झालेलं हाय."

सिस्टरांनी संध्याकाळपर्यंत प्रत्येक मुलाच्या कार्डाचा फोटो मागितला. मुक्ताबाईंना टाइप करायला वेळ लागे, म्हणून त्यांनी पालकांच्या ग्रुपवर बोलूनच निरोप टाकला. आवाज त्यांनी नेहमीसारखाच ठेवला. "पाळणाघरात गोवर निघालाय. नाव इचारू नका. समद्यांनी कार्डाचा फोटो टाका. डोस झालेत असं लिहू नका. फोटो टाका."

पुढच्या पाच मिनिटांत चौघांनी लिहिलं: "Done मावशी, सगळे डोस झालेत."

पण त्या ग्रुपवर निरोप टाकण्याआधी एक फोन करायचा राहिला होता, आणि तो मुद्दाम राहिला होता हे मुक्ताबाईंना ठाऊक होतं. संस्कृतीच्या आईचा.

कल्याणी मूळची यवतमाळची, खराडीच्या एका आयटी कंपनीत. नवरा सुदर्शन कामासाठी चार महिने हैदराबादला. नोव्हेंबरात ती चार महिन्यांचं बाळ घेऊन इथे आली, तेव्हा तिने कागदावर लिहून आणलेले प्रश्न विचारले होते. गॅस कुठल्या खोलीत आहे. दूध कोण गरम करतं. आठवा प्रश्न होता: "बाकीच्या मुलांचं लसीकरण पूर्ण आहे ना?" मुक्ताबाईंना त्या प्रश्नाचा जरा रागच आला होता. "एकूण एक," त्या म्हणाल्या होत्या. "वही बघायचीय?" कल्याणीने वही पाहिली होती. शेवटचा रकाना पाहून ती हसली होती आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला होता.

संस्कृतीचं वय अजून सुईचं झालेलं नव्हतं. तिच्यासाठी आडोसा होता तो बाकीच्या आठ जणांचाच.

फोन ग्रुपच्या आधी करायला हवा होता. निरोप ऐकून कल्याणीचाच फोन आला. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मावशी, संस्कृती कुठंय?"

"आतल्या खोलीत. झोपलीय. ताप न्हाई, मी आत्ताच पाहिलं."

"ज्याला झालाय तो तिच्याजवळ होता?"

"एकाच खोलीत होता. काल दिवसभर, आज साडेदहापर्यंत."

"तुम्ही म्हणाला होता सगळ्यांचं पूर्ण आहे."

"म्हणले होते. चुकलं माझं. मी पोलिओचं इचारत होते."

कल्याणीच्या मागे कुणीतरी इंग्रजीत मीटिंगला बोलावत होतं. मग ती म्हणाली, "मी निघतेय," आणि फोन बंद झाला.

ती आली तेव्हा सिस्टर ओट्यावर बसून फोटो तपासत होत्या. कल्याणीने संस्कृतीला उचलून घेतलं, मानेत नाक खुपसून वास घेतला. भांडली नाही. मुक्ताबाईंना भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

सिस्टरांनी तिला समजावलं. गोवर निघालेल्या भागात सहा महिन्यांवरच्या बाळालाही एक जादा सुई देतात. संसर्ग झाल्यापासून तीन दिवसांच्या आत दिली तर ती आजार अडवू शकते. उद्या बुधवार, रुग्णालयात लसीकरणाचा दिवस, सकाळी दहाला यायचं.

"तीन दिवस कधीपासून मोजायचे?" कल्याणीने विचारलं.

"पुरळ दिसायच्या आधीचे चार दिवस मूल आजार पसरवत असतं. पुरळ आज. म्हणजे शुक्रवारपासून धरा. शनिवार-रविवार पाळणाघर बंद. सोमवारी पहिला संबंध आला असेल तर उद्याची सुई वेळेत आहे." सिस्टरांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "शुक्रवारी आला असेल, तर उशीर झाला."

दोघी मुक्ताबाईंकडे पाहू लागल्या.

शुक्रवारी काय झालं, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. मुक्ताबाईंनी लगेच तोंड उघडलं नाही. एरवी त्यांनी उघडलं असतं. त्या उठून हजेरीची दुसरी वही घेऊन आल्या. त्या वहीत मूल आल्याची आणि गेल्याची वेळ लिहिलेली असे, कारण उशिरा नेणाऱ्या आईबापांशी वाद होत.

"शुक्रवारी तो दीड वाजता गेला," त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या. "किरकिरत होता म्हणून त्याची आई न्यायला आली. संस्कृती..."

"शुक्रवारी मी घरून काम करते. दुपारी आणते तिला," कल्याणी म्हणाली. तिने आपला फोन काढला. मुक्ताबाईंना पाठवलेला मेसेज सापडला: 'निघतेय, पाच मिनिटांत.' वेळ दोन एकावन्न.

"वहीत दोन पंचावन्न हाय."

"म्हणजे भेट झालीच नाही त्यांची!" कल्याणीच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला.

सिस्टर मात्र हिशेब करत होत्या. "दीड ते दोन पंचावन्न. एक तास पंचवीस मिनिटं. मूल निघून गेलं तरी खोलीच्या हवेत हा आजार दोन तासांपर्यंत राहू शकतो. हवा खेळती असेल तर लवकर जातो." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिला दोन मोठ्या खिडक्या होत्या. "काकू, शुक्रवारी दुपारी खिडक्या उघड्या होत्या का?"

उघड्या होत्या म्हणणं सोपं होतं. सकाळी उघड्याच असतात. सांगितलं असतं तर त्या पोरीने रात्री दोन घास खाल्ले असते, आणि खोटं कधी कुणाला कळलंही नसतं. पण मुक्ताबाईंना ती दुपार नीट आठवत होती. शुक्रवारी पलीकडच्या खाणीवर क्रशर चालू होता. मुलं झोपवायच्या वेळी पांढरी धूळ चादरीवर बसू लागली, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही खिडक्यांच्या कड्या लावल्या होत्या.

"बंद होत्या," त्या म्हणाल्या. "एकपासून चारपर्यंत. दोन्ही. मधलं दार तेवढं उघडं होतं."

कल्याणीने मान खाली घातली. सिस्टरांनी ते आपल्या कागदावर लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत फोटो आले. चित्र असं होतं: नऊपैकी चौघांच्या दोन्ही सुया झालेल्या. तिघांची पहिली झालेली, दुसरीची वेळ उलटून गेलेली. अभिनवची एकही नाही. संस्कृती वयात बसत नाही. 'सगळे डोस झालेत' लिहिणाऱ्या चौघांपैकी दोन त्या तिघांतले होते.

त्यांपैकी एकाचे आजोबा, श्यामराव, फोटो न टाकता स्वतःच कार्ड घेऊन आले. सारी हयात सदाशिव पेठेत काढून गेल्या वर्षी मुलाच्या फ्लॅटवर वाघोलीला राहायला आलेले. अजूनही वाघोलीचा उल्लेख 'तुमचं गाव' असा करायचे.

"हे घ्या. तुमच्या गावात कार्ड पेटीत ठेवायची पद्धत असेल. आम्ही लॅमिनेट करतो."

सिस्टरांनी चकचकीत कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आजोबा, कधी केलंत लॅमिनेट?"

"नऊ महिन्यांची सुई झाली त्याच दिवशी. काम पूर्ण झालं की जपून ठेवावं."

"ही बघा, सोळाव्या महिन्याची जागा. रिकामी आहे. त्यावर आता पेनही चालणार नाही."

श्यामरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "म्हणजे ही पुढेही असते?"

"असते. तुमचा नातू एकवीस महिन्यांचा आहे."

"मग त्या वेळी कुणी सांगायचं नाही? आम्ही लॅमिनेटवाल्याला दोनदा दाबून घ्यायला सांगितलं!"

मुक्ताबाईंना त्या दिवसातलं एकमेव हसू तेव्हा आलं. "कात्री देऊ का आजोबा?" त्या म्हणाल्या.

श्यामरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "द्या. आणि चहाही द्या. चूक मान्य करायला घसा ओला लागतो."

बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी संस्कृतीला सुई दिली. मुक्ताबाई बोलावल्याशिवाय गेल्या आणि बाकावर दोन माणसांचं अंतर ठेवून बसल्या. डॉक्टरांनी शुक्रवारचं सगळं पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं: दीड, दोन पंचावन्न, कड्या लावलेल्या. डॉक्टर म्हणाले, सोमवारचं असेल तर आपण वेळेत आहोत. शुक्रवारचं असेल तर सांगता येत नाही. पुढचे अडीच आठवडे ताप बघत राहा, आणि बाळ घरीच ठेवा.

बाहेर कल्याणी रिक्षाची वाट बघत उभी राहिली. मुक्ताबाई पिशवी धरून शेजारी.

"मावशी, खिडकीचं खोटं का नाही बोललात?"

"मागच्या टायमाला न बघता बोलले, त्याचं काय झालं ते बघितलंस ना."

रिक्षा आली. "तापाचं रोज कळवीन," कल्याणी म्हणाली. "तुम्ही फोन करू नका. मीच कळवीन."

त्याच दुपारी राजनंदिनी सिस्टर पुन्हा ओट्यावर आल्या. त्यांची अडचण वेगळी होती. वाघोलीच्या त्या पट्ट्यात किती पाळणाघरं आहेत याची यादी कुणाकडेच नव्हती. घरगुती पाळणाघराला पाटी नसते. "सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो, कुठल्या फ्लॅटला जायचंय. मी म्हणते, जिथं लहान मुलं आहेत त्या सगळ्या. तो म्हणतो, मग सगळ्यांची परवानगी आणा."

मुक्ताबाईंनी विचारलं, "किती पाळणाघरं सापडली तुम्हाला?"

"पाच."

"मला सोडून सतरा हायत," मुक्ताबाई म्हणाल्या. जागा भरली की या सगळ्या बाया एकमेकींकडे मुलं पाठवत. त्यांच्याकडे सतराही जणींचे नंबर होते.

दुपारी तीन ते साडेपाच त्या फोनवर बसल्या. जयसिंगराव आतबाहेर करत ऐकत होते. प्रत्येकीला पहिलं वाक्य तेच. "आगं, तू नव्या पोराला घेताना काय इचारतीस?" सतरापैकी चौदा जणींनी तेच उत्तर दिलं. डोस झालेत ना, म्हणून विचारते. दोघी काहीच विचारत नव्हत्या. एकीनेच, केसनंदच्या रस्त्याला राहणाऱ्या एका जुन्या शिक्षिकेने, कार्डांच्या झेरॉक्स ठेवल्या होत्या.

"डोस हा शब्दच काढू नको तोंडातनं," मुक्ताबाई सांगत होत्या. "कार्ड माग. नवव्या महिन्याच्या रांगेवर बोट ठेव, सोळाव्याच्या रांगेवर बोट ठेव. तारीख लिवलेली असली तरच खूण. करंगळी बघू नको, करंगळीला काय कळतंय!"

"आता करंगळीवर राग," जयसिंगराव म्हणाले.

"तुम्ही ओट्यावरच्या खुर्च्या झटका. शुक्रवारी सकाळी सुया टोचायला सिस्टर येणार हायत."

"किती वाजता?"

"साडेसातला. आईबाप कामावर जायच्या आत. दहाला दवाखान्यात बोलावलं तर कोण जाईल? त्या उत्तरेश्वरची सुट्टी संपली म्हणून तर हे झालं."

सिस्टरांना त्या वेळेची वरून मंजुरी काढायला एक दिवस लागला. ती मिळाली.

शुक्रवारी ओट्यावर सव्वानऊपर्यंत तेवीस मुलं आली. त्यांतल्या एकोणीस जणांना सुई दिली, दोघांना सर्दी-ताप होता म्हणून नंतर बोलावलं, दोघांची कार्डं पूर्ण निघाली. मुक्ताबाई खुर्चीत बसून एकेकाला मांडीवर घेत, गुडघे धरत. पहिलं मूल रडलं तसं रांगेतली सगळी रडली. श्यामराव कापलेल्या लॅमिनेशनचं कार्ड हातात धरून उभे होते आणि पुढच्या बाईला सांगत होते, "हे प्लास्टिकमध्ये घालू नका. अनुभवाचे बोल आहेत."

दहा वाजता सिस्टरांना फोन आला. अभिनवचा रिपोर्ट आला होता. गोवरच. ताप उतरत होता, पुरळ पायांपर्यंत जाऊन काळपट पडू लागलं होतं, पोरगं भात मागत होतं. उत्तरेश्वरने संध्याकाळी फोन केला. "मावशी, आमच्यामुळं त्या बाळाला..."

"तुझ्यामुळं न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "तू माझ्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलंस. पर औषध पाजून पोर आणलंस, ते पुन्हा करू नको. न्‌ कार्ड गावाकडनं मागवून घे."

त्या दिवशी त्यांनी जुन्या वहीतला शेवटचा रकाना उभी रेघ मारून खोडला. शेजारी पट्टीने दोन नवे आखले. त्यांच्यावर फक्त '९' आणि '१६' असे आकडे घातले, आणि खाली बरोबरच्या खुणांऐवजी तारखा लिहिल्या. संस्कृतीच्या नावासमोर दोन्ही घरं रिकामी राहिली. कडेला त्यांनी बुधवारची तारीख लिहिली आणि 'जादा' असा शब्द.

कल्याणीचा मेसेज रोज संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या मध्ये येत होता. नुसता आकडा. शनिवारी ९८.४. रविवारी ९८.२. सोमवारी ९८.६, आणि त्याखाली, 'आज दोन चमचे पेज खाल्ली.' मुक्ताबाई ते एका कोऱ्या पानावर उतरवत. पाळणाघर बंद होतं. पाळणा त्यांनी धुऊन उन्हात ठेवला होता.

मंगळवारी ९८.६.

बुधवारी, सुईनंतर सातव्या दिवशी, १००.१.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. कल्याणीने त्यांचं म्हणणं बोलून पाठवलं. मुक्ताबाईंनी ते तीनदा ऐकलं. सुईचा ताप येतो तो साधारण याच दिवसांत. शुक्रवारचा संसर्ग धरला तर गोवराचा तापही याच दिवसांत येतो. आज काही सांगता येणार नाही. पुरळ येतं का ते रविवारपर्यंत बघायचं.

गुरुवारी सकाळी आणखी तीन पाळणाघरांतल्या बाया कार्डांच्या झेरॉक्स घेऊन ओट्यावर आल्या. मुक्ताबाईंनी प्रत्येक झेरॉक्सवर दोन्ही रांगांवर बोट ठेवून पाहिलं. बोलता बोलता त्यांचं लक्ष फोनकडे जात होतं.

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मेसेज आला. आकडा १००.४. खाली एक फोटो, उजव्या कानाच्या मागचा, जवळून घेतलेला.

मुक्ताबाई फोन घेऊन ओट्यावर उजेडात आल्या. जयसिंगराव उठून शेजारी येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवून.

कानामागची कातडी स्वच्छ होती.

त्यांनी वहीच्या पानावर तारीख घातली, आकडा लिहिला, आणि पुढे लिहिलं: पुरळ नाही, सहा वाजून बारा मिनिटांपर्यंत.